पर्समधला कांदा

नागपुरात मे महिन्यात कोणाची छाती धडधडत नाही? दुपारी बाराला गाडी काढून गांधीबागेत एक चक्कर मारून या. डोकं गरगरतं, तोंडाला कोरड पडते, हातपाय गळतात. घरी आलं की 'ऊन लागलं' म्हणून कैरीचं पन्हं हातात येतं, तळपायांना कांदा चोळला जातो आणि कूलरसमोर आडवं केलं जातं. त्यामुळे मला जे होत होतं ते घरादारानं मिळून उन्हाच्या खात्यावर टाकलं. मी हिशेबाचं काम करते, खाती जुळवणं हाच माझा धंदा, आणि हे खातं काही केल्या जुळत नव्हतं. कारण पहिल्यांदा जे झालं ते मेट्रोच्या थंडगार डब्यात, आणि तेही फेब्रुवारीत.

मी राहते सुभाषनगरला आणि गांधीबागेतल्या एका होलसेल कापडाच्या दुकानात हिशेब बघते. सुभाषनगर ते अग्रसेन चौक, ॲक्वा लाइन, रोजचीच वाट. त्या दिवशी शंकरनगर मागे पडलं आणि काही कारण नसताना हृदय एवढ्या जोरात उडायला लागलं की शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं वाटलं. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा, डब्यातली माणसं जरा लांब गेल्यासारखी. एकच विचार होता, आपण आता इथंच पडणार आणि संपणार. झाशी राणी चौकाला उतरले, ऑटो केला आणि जवळच्या दवाखान्यात गेले. ईसीजीची पट्टी बाहेर येईपर्यंत मी जवळजवळ ठीक झाले होते. म्हणजे जीव वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता, झाली ती लाज. "गॅस असेल," डॉक्टर म्हणाले, आणि एक गोळी दिली.

पुढे ते परत झालं. परत ईसीजी, मग टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर. या तपासण्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. थायरॉइड वाढलं, रक्त कमी झालं किंवा हृदयाची लय बिघडली तरी असंच होऊ शकतं, तेव्हा एकदा बघून घ्यायलाच हवं. प्रश्न पुढचा होता. रिपोर्ट नॉर्मल आला की मला दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी शंका यायची की लॅबवाल्यानं दुसऱ्या कोणाचा नमुना तर तपासला नसेल ना.

या काळात माझं शहर आकसत गेलं, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे बरं दिसणारं कारण होतं. मेट्रोत दारापाशीच उभी राहायची, कारण उतरायला सोपं. मग मेट्रो सुटली, कारण गाडी स्वस्त पडते. मग गाडीचा रस्ता धंतोलीवरून जायला लागला. नागपूरकरांना सांगायला नको, धंतोली आणि रामदासपेठ म्हणजे पावलापावलावर दवाखाने. मी रस्ता निवडायची तो गर्दी बघून नाही, दवाखाने मोजून. सीताबर्डीच्या मेन रोडवर शनिवारी जाणं बंद. सिनेमाला कडेची खुर्ची, नंतर सिनेमाच बंद. पर्समध्ये पाण्याची बाटली, ग्लुकोजची पुडी, डॉक्टरांची 'लागली तर घ्या' गोळी, शेवटच्या ईसीजीची घडी, आणि सासूबाईंनी रोज सकाळी न चुकता टाकलेला एक लाल कांदा. जवळ कांदा असला की ऊन बाधत नाही, हे विदर्भात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं सुचवलं ते आमच्या फॅमिली डॉक्टरांनी. घरी एकदम सन्नाटा. नागपुरात लहानपणापासून 'जास्त केलं तर मानकापूरला पोचवीन' असं ऐकत आपण मोठे होतो. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासूनचं आहे आणि तेव्हापासून ते पोरांना धाकात ठेवायच्या कामी येतं, बिचारं. ह्यांनी विचारलं, "पण तुला टेन्शन कशाचं आहे?" मला उत्तर देता येईना. टेन्शन होतं का? कापडाच्या धंद्यात मार्चअखेर असते, मुलाची नववी, सासऱ्यांचं आजारपण नुकतंच होऊन गेलेलं. पण हे सगळ्यांच्याच घरी असतं. सासूबाई म्हणाल्या, "काऊन गं, तू एवढा इचार करून राहिली? रिकामी बसत जाऊ नको." सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत मी रिकामी केव्हा असते, हे विचारायचं मी टाळलं.

डॉक्टरांनी आधी माझी फाइल पूर्ण वाचली. हे मला फार आवडलं. चहा किती, कॉफी किती, झोप कशी, पाळी, घरात कोणाला असं होतं का, सगळं विचारलं. मग म्हणाले, याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. हे हार्ट अटॅक नाहीत, ही भीतीची लाट आहे. ती काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग स्वतःहून उतरते. एक रोजची गोळी सुरू केली आणि बजावलं की हिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, उलट सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढल्यासारखी वाटेल, घाबरून बंद करू नका. तसंच झालं. सांगितलं नसतं तर मी नक्की बंद केली असती. 'लागली तर घ्या' वाली गोळी मात्र त्यांनी हळूहळू काढून घेतली. ती पटकन शांत करते, म्हणूनच तिची सवय लागते, आणि पुढे जे शिकायचं आहे ते ती शिकू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. काय शिकायचं आहे ते सांगायला त्यांनी मला त्यांच्याच दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी डॉक्टर. या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं. हा फरक मला तोवर माहीत नव्हता.

मी समजत होते की इथं बालपण निघेल, रडू येईल, मग मोकळं वाटेल. मॅडमनी कागद पुढे ओढला आणि एक गोल काढला. छातीत धडधडलं. 'हार्ट अटॅक आला' असं वाटलं. त्या भीतीनं शरीरात अॅड्रेनलिन सुटलं. त्यानं धडधड आणखी वाढली. 'बघा, खरंच आला.' गोल पूर्ण. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली ही मांडणी केली. शरीरातल्या साध्या खळबळीचा भयंकर अर्थ लावणं, हा तिचा गाभा. धडधड जिना चढल्यानं होवो, चहानं होवो की उन्हानं, गोल फिरायला एवढं निमित्त पुरतं. म्हणजे नागपूरचा उन्हाळा खोटा नव्हताच. तो फक्त सुरुवात करून द्यायचा.

मुंग्यांचं कारण कळलं तेव्हा तर मी वहीत दोनदा लिहून घेतलं. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, आणि गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, चक्कर आल्यासारखं होतं, बोटं आणि ओठ बधिर होतात. आपल्याला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून आणखी जोरात ओढतो. हवा कमी नसते, जास्त झालेली असते. आणि बेशुद्ध पडायची भीती? माणूस बेशुद्ध पडतो तो बहुतेकदा रक्तदाब खाली आल्यानं. पॅनिकमध्ये तो वर गेलेला असतो. "तुम्ही एवढ्या वेळा 'आता पडणार' म्हणालात," मॅडम म्हणाल्या, "किती वेळा पडलात?" एकदाही नाही. मला राग आला. एवढी साधी बेरीज मला का सुचू नये?

जुनी खाती उपसायची मला खोड आहे. घरी येऊन वाचलं तर कळलं की अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या सैनिकांना हेच होत असे. धडधड, छातीत दुखणं, धाप, आणि तपासलं तर हृदयात दोष नाही. दा कोस्टा नावाच्या डॉक्टरनं 1871 साली त्यावर लेख लिहिला. अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत पॅनिक डिसऑर्डर हा स्वतंत्र आजार म्हणून आला तो थेट 1980 साली. म्हणजे मधली शंभर-एक वर्षं लोक गॅसचीच गोळी घेत असणार.

आता खरं काम. मॅडमनी सांगितलं की आपण ही लक्षणं मुद्दाम आणायची. मला वाटलं चेष्टा आहे. अस्थमा, फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हे असं करत नाहीत, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घेतलं. मग खुर्चीत बसून एक मिनिटभर भराभर खोल श्वास. मग फिरत्या खुर्चीत गोल गोल. मग जागच्या जागी धावणं. मग नाक दाबून फक्त स्ट्रॉमधून श्वास. प्लास्टिक बंदीमुळे स्ट्रॉ कागदी होती आणि अर्ध्यात तिचा लगदा झाला. मरणाच्या भीतीत असताना माणूस हसू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

प्रत्येक वेळी आधी लिहायचं: काय होईल असं वाटतं, आणि भीती शून्य ते शंभरात किती. मग करायचं. मग लिहायचं: प्रत्यक्षात काय झालं. माझ्या वहीत डावीकडे 'बेशुद्ध पडेन', 'ओरडत बाहेर पळेन', 'हात वाकडे होतील'. उजवीकडे 'घाम आला', 'चक्कर आली, गेली', 'मॅडमनी पंखा लावला'. जमा आणि नावे यांत एवढी तफावत दुकानात आली असती तर मालकानं मला उभं ठेवलं नसतं. मजा म्हणजे हे सगळं घडत असताना शरीरात जे होत होतं ते हुबेहूब मेट्रोतल्यासारखंच होतं. तीच मुंगी, तोच बधिरपणा. फरक एवढाच की मी ते स्वतः चालू केलं होतं, आणि ते स्वतः बंद होत होतं. श्वास मोजून ते शमवायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. आलंय तर राहू द्या.

पर्सवरून मात्र आमचं भांडण झालं. मॅडमच्या मते पाण्याची बाटली, ग्लुकोज, ईसीजीची घडी, दारापाशी उभं राहणं, धंतोलीचा रस्ता, ही सगळी एकाच जातीची. मी वाचले ते या वस्तूंमुळे, असं डोकं समजून चालतं. मग भीती खोटी होती हे त्याला कधी कळणारच नाही. म्हणून हे सोडायचं. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही नागपूरच्याच ना? नवतपा लागायला आलाय, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि तुम्ही मला बाटली सोडून फिरायला सांगता?

त्यांनी माझं म्हणणं मानलं, अर्धं. उष्माघात हा खरा आजार आहे. त्यात शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो, गोंधळतो, भान हरपतं. तिथं थांबून बघायचं नसतं, अंग थंड करत ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो. पॅनिकमध्ये आपण कुठं आहोत हे लख्ख कळत असतं, जरा जास्तच कळत असतं. मग आम्ही हिशेब मांडला. निघण्याआधी पोटभर पाणी पिणं, डोक्याला दुपट्टा बांधणं, दुपारी बारा ते चार शक्यतो बाहेर न पडणं हे शहाणपणाचं, ते राहणार. तहान लागली म्हणून पाणी पिणं राहणार. पण धडधडलं म्हणून बाटली घट्ट धरणं, दर दोन मिनिटांनी घोट घेणं, ते जाणार. आणि सगळे प्रयोग मेट्रोत किंवा संध्याकाळी, उन्हात एकही नाही. मी विचारलं, "मग एक थर्मामीटर ठेवू का पर्समध्ये? म्हणजे नक्की कळेल, ऊन की पॅनिक." मॅडम म्हणाल्या, "तो तुमचा नवा कांदा झाला."

जुन्या कांद्याचं काय करायचं, हा प्रश्न घरचा होता. सासूबाईंना न दुखवता तो पर्समधून काढायचा कसा? शेवटी मी तो ऑफिसात नेऊन दुपारच्या डब्याबरोबर खायला लागले. त्यांचा कांदा गेला, माझा प्रयोगही झाला.

मेट्रोची यादी सोपी ते कठीण अशी होती. गर्दी नसताना एक स्टेशन. मग बर्डीपर्यंत. मग दारापासून लांब, डब्याच्या मधोमध. मग फोन घरी ठेवून लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, पूर्ण लाइन. फोन सगळ्यात जड गेला. कारण माझी सगळ्यात मोठी बाटली म्हणजे हे होते. लाट आली की मी फोन करायची आणि हे म्हणायचे, "काही नाही होत, मी आहे ना." मॅडमनी ह्यांनाच एकदा बोलावून घेतलं आणि सांगितलं की यापुढे फोन आला तर फक्त विचारायचं, "तुला काय वाटतं, काय आहे हे?" ह्यांना ते क्रूरपणाचं वाटलं. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. पहिल्यांदा तसं उत्तर दिलं तेव्हा ह्यांचाच आवाज कापत होता, आणि मी चिडून म्हटलं, "पॅनिक आहे, अजून काय असणार?" नि फोन ठेवला. बरं झालं चिडले.

सगळं सरळ चाललं असं नाही. एका संध्याकाळी गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली. कसलीही सूचना नाही. मी मधोमध, चारी बाजूंनी माणसं. तेव्हा जी लाट आली ती पहिल्या दिवसासारखीच होती, कणभर कमी नाही. शिकलेलं सगळं पुसलं गेलं. एवढंच आठवलं की हिला टोक असतं. मी समोरच्या मुलीच्या ओढणीवरची फुलं बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, बघू तर किती वर जाते. ती गेली वर. मग उतरली. गाडी अजून थांबलेलीच होती. भीती गाडीच्या आधी संपली, हे मला इतकं नवं होतं की मी अग्रसेन चौकाला उतरायचं विसरले आणि पुढच्या स्टेशनवरून चालत परत आले.

ऑफिसातल्या एका सहकारी बाईनं दबक्या आवाजात विचारलं, तुम्ही कुठं जाता? फी तिला झेपणार नव्हती. विम्याचंही सांगते: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे, पण माझी पॉलिसी फक्त भरती झाल्यावरचा खर्च देणारी, त्यामुळे समुपदेशनाची बिलं माझ्याच खिशातून गेली. तिला मी मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीचं सांगितलं आणि 14416 हा नंबर लिहून दिला. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, मराठीतून बोलता येतं. तिनं नंबर बिलाच्या मागं लिहून घेतला आणि बिल घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं.

आणि सासूबाई. एकदा मी गच्चीवर वड्या वाळत घालताना त्यांना तो गोल काढून दाखवला, सहज, तांदळाच्या पिठानं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला बी व्हायचं असं. तुझ्या नवऱ्याच्या जन्मानंतर. धाप लागे, हातपाय गार पडत. दहा वर्सं मी एकटी बर्डीला नाही गेली." मी विचारलं, कोणाला कळलं नाही? "कसं कळन? बायका एकट्या कुठं जात होत्या? कोणी ना कोणी संग राहेच." मी त्या वाक्यापाशी थांबले. माझं निदान झालं कारण मला रोज सकाळी एकटीनं मेट्रो पकडावी लागत होती. त्यांची सारी अडचण घरच्या रीतीत मुरून गेली, आणि वर 'घरंदाज' म्हणून कौतुकही झालं. मी म्हटलं, चला मॅडमकडे. "आता कुठं जायचं आहे मले," म्हणाल्या आणि वड्या हलवायला लागल्या. पण नंतर एकदा, टीव्ही बघता बघता, श्वासाच्या प्रयोगाची ती नळी, म्हणजे स्ट्रॉ, कुठं मिळते ते विचारून घेतलं.

गोळी डॉक्टर आता हळूहळू कमी करताहेत. एकदम सोडायची नसते, हे त्यांनी दर भेटीत सांगितलं आहे. लाट अधूनमधून येते, विशेषतः झोप झाली नसेल आणि मार्चअखेर असेल तेव्हा. धंतोलीवरून मी आता तेवढ्यापुरतीच जाते जेवढं धंतोलीत काम असतं. लिफ्ट मात्र अजून यादीत आहे. आमच्या सीएंचं ऑफिस सदरला पाचव्या मजल्यावर आहे, आणि तिथली लिफ्ट मध्येच अडकते, हे मी मनाचं सांगत नाही, खालचा चौकीदारच सांगतो. मॅडमचं म्हणणं आहे की आधी चौकीदाराला विचारणं बंद करा.